हवेला हात लावून

आत्याला वारा हाताने पाहायची सवय आहे. जळगावच्या घरी कूलरसमोर बसण्याआधी ती तळहात पुढे धरते, क्षणभर डोळे मिटते आणि सांगते: पाणी संपत आलंय, किंवा ताटी एका बाजूने कोरडी पडलीय, किंवा पंप बंद आहे आणि नुसता पंखाच फिरतोय. तिचं सहसा चुकत नाही. जूनमध्ये ती आमच्याकडे नॉर्थ कॅरोलिनाला आली तेव्हा ही सवयही तिच्याबरोबर आली. दिवाणखान्यात जमिनीतल्या जाळीतून हवा येते. जाता-येता ती तिथे वाकून हात धरायची. त्यामुळे घराचं तापमान राखणारा नवा थर्मोस्टॅट भिंतीवर बसवला त्या दुपारी काहीतरी बिनसलंय हे सगळ्यांच्या आधी तिला कळलं.

"अगं, ही हवा गरम येतेय."

पडद्यावर तर निळ्या अक्षरांत स्पष्ट लिहिलं होतं की घर थंड करणं चालू आहे. जुन्या थर्मोस्टॅटचे आकडे पुसट होत होत दिसेनासे झाले होते, म्हणून तो बदलला होता. प्रत्येक तार ज्या अक्षराखालून काढली त्याच अक्षराखाली बसवली होती. आतला पंखा फिरत होता, बाहेरचं यंत्र घुमत होतं, दिवे लागलेले होते. कुठे काही अडलेलं नव्हतं. सगळं चालू होतं आणि उलटं चालू होतं. बंद पडलेल्या यंत्राचं एक बरं असतं, कुठे तरी काही तुटलं असणार एवढं तरी मनाशी धरता येतं. उलटं चालणारं यंत्र जास्त विचारात पाडतं, कारण त्याच्या बाजूने त्याचं काहीच चुकलेलं नसतं. त्याला जे सांगितलं तेच ते मन लावून करत असतं. मग प्रश्न उरतो तो इतकाच, की त्याला नेमकं सांगितलं काय?

आम्ही दोघी मागच्या दाराने बाहेर गेलो. इथली दुपार जळगावसारखी भाजत नाही. पारा सहसा तेहेतीस-चौतीसच्या फार पुढे जात नाही, पण हवा इतकी ओली असते की घाम सुकायला जागाच मिळत नाही. आत्या पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "इथे कूलर चालणार नाही गं, हवेला पाणी प्यायला तहानच नाही." भौतिकशास्त्राचा तास घेऊन मी याहून नेमकं सांगू शकले नसते. माठ, वाळ्याचे पडदे, कूलर, उन्हाळ्यात अंगणात मारलेला सडा, हे सगळं कोरड्या हवेच्या भरवशावर चालतं. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, आणि हवा आधीच भरलेली असली तर ते जाणंच थांबतं. म्हणून अमेरिकेच्या या आग्नेय कोपऱ्यात घर गार करायचं तर उष्णता उचलून बाहेरच टाकावी लागते.

मागच्या भिंतीशी लोखंडी जाळीचा तो चौकोनी डबा उभा असतो. उन्हाळ्यात त्याच्या माथ्यावरून निघणारी हवा गरम लागायला हवी, कारण घरातून उपसलेली उष्णता तिथेच बाहेर पडते. त्या दुपारी ती गार होती. भिंतीत शिरणारी जाड नळी काळ्या फोमच्या वेष्टनात असते. घर थंड होत असताना ती गार आणि दमट लागते, उघड्या जागी तिच्यावर थेंब धरतात. वेष्टन जिथे संपतं तिथे मी बोट टेकवलं आणि लगेच मागे घेतलं, इतकी ती तापलेली होती. आत्यानेही यंत्राच्या माथ्यावर हात धरून पाहिला. "इथे गार, घरात गरम," ती म्हणाली, "म्हणजे याचं तोंड उलटीकडे आहे." मीटर आणि माहितीपुस्तिका आतच राहिले होते, आणि निदान झालेलं होतं.

आमचं यंत्र हीट पंप आहे, आणि हीट पंपाला तोंड दोन्हीकडे असतं, हीच त्याची खरी गोष्ट. शेतातली मोटार खालचं पाणी वर चढवते, तसा हा कमी तापमानाकडची उष्णता जास्त तापमानाकडे चढवतो. उष्णता आपली आपण कधी त्या दिशेने जात नाही, म्हणून वीज लागते. पण वीज लागते ती वाहतुकीपुरती. एक युनिट वीज खर्चून साधारण तिप्पट उष्णता इकडची तिकडे होते, कधी त्याहूनही जास्त. नळ्यांतून फिरणारा वायू दाबाखाली द्रव झालेला असतो, आणि दाब कमी केला की तो इतक्या कमी तापमानाला उकळतो की घरातली आपल्याला सुखद वाटणारी हवाही त्याला आचेसारखी पुरते. तो ती उष्णता पिऊन घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून आणखी तापवतो, आणि बाहेरच्या उन्हाहूनही गरम झालेला तो आपलं ओझं बाहेर टाकतो. हिवाळ्यात हाच प्रवास उलट होतो. बाहेर गोठवणारी थंडी असली तरी त्या हवेत उष्णता असतेच. यंत्र ती वेचून घरात आणतं. ग्लासगोच्या विल्यम थॉम्सननी, पुढे ज्यांना जग लॉर्ड केल्विन म्हणून ओळखू लागलं त्यांनी, 1852 मध्ये इमारती तापवायला आणि गार करायला हे एकच तत्त्व वापरता येईल असं मांडलं होतं. तापवणं आणि गार करणं ही दोन कामं नसून एकाच कामाच्या दोन दिशा आहेत, हा विचार मला अजूनही फार सुंदर वाटतो. थंडी नावाची वस्तू कुठेच तयार होत नाही. उष्णता फक्त घर बदलते.

ही दिशा बदलण्याचं काम एक पितळी झडप करते. तिच्या एका अंगाला एक नळी आणि दुसऱ्या अंगाला तीन नळ्या जोडलेल्या असतात, आणि पोटात सरकणारा एक लहानसा तुकडा असतो. शेजारच्या वेटोळ्याला 24 व्होल्ट मिळाले की तुकडा एका बाजूला सरकतो, वीज गेली की परत येतो. सरकताना यंत्रातून एक लांब सुस्कारा ऐकू येतो. घराचा अख्खा ऋतू त्या सुस्काऱ्यावर फिरतो.

आता मतभेदाची जागा येते. बहुतेक कंपन्यांनी असं ठरवलं की झडपेला वीज द्यायची ती थंड करताना. काहींनी उलट ठरवलं: वीज द्यायची ती तापवताना. पहिल्या पद्धतीच्या तारेला ओ म्हणतात, दुसरीच्या तारेला बी. यात नुसती आवडनिवड नाही. वेटोळं जळलं किंवा तार तुटली तर पहिल्या पद्धतीचं यंत्र आपोआप तापवण्याकडे राहतं, दुसऱ्या पद्धतीचं थंड करण्याकडे. म्हणजे बिघाड झालाच तर घर कुठल्या ऋतूत उघडं पडावं, याचं उत्तर कुणीतरी आधीच देऊन ठेवलेलं असतं. मिनेसोटातल्या जानेवारीत पाळण्यातलं मूल असलेलं घर आणि जॉर्जियातल्या जुलैत एकटी म्हातारी राहते ते घर, यांच्यासाठी एकच उत्तर बरोबर कसं असेल? पितळेच्या एवढ्याशा तुकड्यात असा निवाडा दडलेला असेल हे मला ठाऊक नव्हतं, आणि कळल्यावर मी त्या झडपेकडे जरा आदराने पाहू लागले.

नव्या थर्मोस्टॅटमध्ये या दोन्हींसाठी मिळून एकच खाच असते, ओ आणि बी शेजारी शेजारी छापलेले. तार तिथे बसवायची आणि आपलं यंत्र कुठल्या पद्धतीचं हे आतल्या सेटिंगमध्ये सांगायचं. कारखान्यातून निघताना त्यात एक उत्तर भरलेलं असतं, आणि ते बहुधा ओ असतं. आमचं यंत्र बी होतं. थर्मोस्टॅट इमानाने थंडावा मागत होता, त्यासाठी झडपेला वीज देत होता, आणि झडप तितक्याच इमानाने घर तापवत होती. माझं स्वच्छ मत आहे की हा प्रश्न नुसतं "पुढे" दाबून ओलांडता येऊ नये. वाय-फायचा पासवर्ड विचारताना ही यंत्रं जितका आग्रह धरतात, तितकाच त्यांनी इथेही धरावा. चुकीच्या उत्तराने ऐन उन्हात घर तापतं, आणि आत कोण बसलंय हे यंत्राला माहीत नसतं.

आमच्याकडे खरा उलगडा केला तो भिंतीने. जुन्या थर्मोस्टॅटची मागची पट्टी मी टाकून दिली नव्हती. ती उलटी केली तर तिच्यावर पेन्सिलीने, बारीक तिरक्या अक्षरांत, प्रत्येक रंगापुढे त्याचं काम लिहिलेलं होतं: लाल तारेतून वीज येते, पिवळी कॉम्प्रेसरला सांगते, हिरवी पंख्याला, तपकिरी वीज परत नेते, पांढरी हिवाळ्यातल्या जादा हीटरची, आणि निळीपुढे बी लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढलेली. हे घर आम्ही घेतलं त्याच्याही आधी कुणी कारागीर इथे येऊन गेला होता. निळी तार पुढच्याला फसवेल हे त्याला नीट ठाऊक असावं, कारण पुष्कळ घरांत निळी तार वीज परत नेणारी असते. एवढंच नव्हे, एखाद्या कंपनीच्या यंत्रावर त्या परतीच्या तारेलाच बी म्हटलेलं असतं. अक्षर तेच, रंग तोच, काम मात्र भलतंच, आणि ती झडपेच्या जागी खोवली तर फ्यूज उडतो. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. कुणी वाचेल की नाही हे त्यालाही माहीत नव्हतं. पट्टी भिंतीवर चढली की ती अक्षरं वर्षानुवर्षं अंधारात राहणार, आणि तरी त्याने दोनदा रेघ ओढली. मी ती पट्टी आत्याला दाखवली. तिने पदराने धूळ पुसली आणि म्हणाली, "शहाणा माणूस असणार."

सेटिंग बदललं. ओ गेलं, बी आलं. आणि मग पाच मिनिटं काहीच झालं नाही. कॉम्प्रेसर एकदा थांबला की त्याला लगेच उठवत नाहीत. नळ्यांमधला दाब दोन्हीकडे समसमान व्हायला थोडा वेळ लागतो, त्याआधी ढकललं तर मोटारीवर ताण येतो. म्हणून थर्मोस्टॅट पाच मिनिटं मुद्दाम वाट पाहायला लावतो. ही पाच मिनिटं अनेकांना सहन होत नाहीत. माणसं बटणं दाबतात, आकडा आणखी खाली नेतात, ब्रेकर पाडून परत चढवतात, आणि ब्रेकर पाडला की वाट पाहणं पहिल्यापासून सुरू होतं. फॅरनहाइटमधला आकडा 76 वरून 65 वर नेल्याने घर लवकर गार होत नाही हेही सांगून पटत नाही. साध्या यंत्राला जोर माहीत नसतो, त्याला फक्त हो आणि नाही कळतं. आत्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसली होती. बाहेरून तो सुस्कारा आला, मग घुमणं सुरू झालं. ती उठली, जाळीवर हात धरला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

हो आणि नाही एवढीच भाषा असलेल्या या भिंतीवरच्या डबीचा जन्म एका वर्गात झाला, हे मला फार जवळचं वाटतं. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरच्या अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन शिकवत. वर्ग फार गरम होतोय की फार गार, हे पाहायला शिपायाला खोल्याखोल्यांतून हिंडावं लागे आणि तळघरात जाऊन झडपा हलवाव्या लागत. त्या येण्याजाण्याने शिकवण्यात खंड पडे. जॉन्सनना वाटलं, खोलीने स्वतःच तळघराला कळवावं. 1883 मध्ये त्यांनी विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं. पुढे 1953 मध्ये हेन्री ड्रायफस यांच्या आरेखनातला हनीवेलचा गोल थर्मोस्टॅट आला, आणि तो अमेरिकेतल्या असंख्य भिंतींवर दिसू लागला. त्याच्या पोटात दोन धातूंच्या पट्टीचं वेटोळं आणि काचेच्या नळीत पाऱ्याचा थेंब. उष्णतेने वेटोळं उलगडे, नळी कलंडे, पारा घरंगळे आणि जोडणी होई किंवा तुटे. इथल्या एका जुन्या घरात मी तो उघडून पाहिला आहे. त्यात सगळं डोळ्यांना दिसतं. आजच्या पडद्यात काहीच दिसत नाही, तो फक्त सांगतो, आणि तो सांगतो ते त्याने मागितलेलं असतं, घडलेलं नसतं. "थंड करणं चालू" याचा अर्थ इतकाच की त्याने थंडावा मागितला आहे. मिळाला की नाही, ते जाळीवर हात धरल्यावरच कळतं.

त्या दुपारनंतर ओळखीच्या घरांतून मला फोन येऊ लागले. मराठी मंडळात अशा बातम्या पोहोचायला वेळ लागत नाही. पुष्कळदा थर्मोस्टॅट निर्दोष निघतो. नवी वस्तू घरात आली की त्यानंतरच्या प्रत्येक दुखण्याचा आळ तिच्यावर येतो, नव्या सुनेवर यायचा तसा. एका घरी पडदा पूर्ण काळा होता. पोटमाळ्यावरच्या यंत्राखालचं पाण्याचं ताट भरलं होतं आणि तरंगणाऱ्या खटक्याने सगळ्याची वीज तोडली होती. निचऱ्याची नळी शेवाळाने बुजली होती, एवढंच. एका घरी आतली नळ्यांची जाळी बर्फाने मढली होती, कारण फिल्टर अनेक महिने बदललेला नव्हता. हवा पुरेशी जात नसली की जाळीवरचं पाणी गोठतं, आणि मग गार करणाऱ्या यंत्राच्या अतिगारव्यानेच घर तापत राहतं. तिथे करायचं काम एकच: थंड करणं बंद ठेवून नुसता पंखा चालवायचा आणि बर्फ वितळू द्यायचा. तारा जोडताना ब्रेकर चालू राहिला असेल तर यंत्राच्या बोर्डावरचा छोटा फ्यूज उडालेला सापडतो, गाडीत असतो तसाच, तीन किंवा पाच अँपिअरचा. पंखा फिरतो पण बाहेरचा डबा गप्प असतो, तेव्हा आधी पिवळी तार ओढून पाहावी. हे सगळं घरच्या माणसाला जमण्यासारखं आहे. वायूचं मात्र तसं नाही. नळ्यांतल्या वायूला हात घालायला इथे कायद्याने प्रमाणपत्र लागतं, आणि ते योग्यच आहे.

सगळ्यांत जास्त नवल मला एका खोटं बोलणाऱ्या थर्मोस्टॅटचं वाटलं. घर चांगलं गार असूनही तो म्हणे एक्क्याऐंशी, आणि यंत्र थांबायचं नाव घेईना. कारण होतं त्याच्या मागचं भोक. तारा येतात ते भोक भिंतीच्या पोकळीत उघडतं, आणि पोकळी थेट पोटमाळ्यापर्यंत जाते. पोटमाळ्याची तापलेली हवा त्या वाटेने खाली उतरून बरोबर त्याच्या पाठीवर येत होती. भोकात चिमूटभर पुट्टी भरली आणि तो खरं बोलू लागला. घराच्या हवेबद्दल तो जे सांगतो ते त्याच्या पाठीमागच्या हाताएवढ्या जागेबद्दल असतं, हे तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलं. स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारीला काय वाटतंय, वरच्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या मुलाला काय वाटतंय, यातलं त्याला काही ठाऊक नसतं.

आत्या इथे असेपर्यंत संध्याकाळी अशा गप्पा चालत. यंत्र तीन टनाचं आहे म्हटल्यावर तिने विचारलं, "एवढं वजन?" वजन नव्हे, बर्फ. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेईल तेवढी उष्णता एक टनाचं यंत्र दिवसभरात उचलतं, हे ते माप. बर्फाच्याच व्यापारातून आलेलं. आणि त्या व्यापाराचं एक टोक आपल्याकडेही पोचलं होतं. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने न्यू इंग्लंडच्या तळ्यांवरचा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात भरून, 1833 मध्ये टस्कनी नावाच्या जहाजाने कलकत्त्याला धाडला. त्याच दशकात मुंबईलाही अमेरिकेचा बर्फ येऊ लागला, तो साठवायला कोटात बर्फघर बांधलं गेलं. चार महिने समुद्रात वितळत वितळत जे उरलं ते विकलं गेलं. आत्याने हे मन लावून ऐकलं. तिच्या लहानपणी भुशात ठेवलेली बर्फाची लादी घरी यायची, गोणपाटात गुंडाळून, लग्नाच्या दिवशी. त्या भुशाचा वास तिला आठवत होता.

ती परत गेली तेव्हा जळगावला पाऊस सुरू झाला होता. आम्हाला इथे अजून ऑगस्ट काढायचा आहे. यंत्र नीट चालतंय. जुनी पट्टी मी नव्या थर्मोस्टॅटजवळच्या कपाटात ठेवली आहे, आणि नव्या पट्टीच्या मागे त्या कारागिराची यादी जशीच्या तशी उतरवून खाली सेटिंगचं उत्तरही लिहून ठेवलं आहे.

तुमच्याही भिंतीवरचा थर्मोस्टॅट बदलायचा असेल तर आधी ब्रेकर बंद करा, तारा हलवण्यापूर्वी त्यांचा फोटो घ्या, आणि बाहेरच्या यंत्राच्या झाकणामागची आकृती पाहून तुमची झडप ओ की बी ते ठरवा. काम झाल्यावर पाच मिनिटं थांबा आणि जाळीवर हात धरा. आणि पेन्सिल जवळ असू द्या. तुमच्यानंतर त्या भिंतीशी कुणीतरी उभं राहणार आहे.